पाचवा स्क्रू

आमच्या घरी एक गाडी आहे. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’. पण पांढुर्ण्यात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळ्यांच्या तोंडी ‘फियाट’. बाबूजींची फियाट. बाबूजी 2011 साली गेले, तरी गाडी अजून त्यांचीच आहे. पत्ता सांगताना जुनी माणसं आजही ‘ते फियाटवाल्यांचं घर’ असंच सांगतात.

दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. गाडी चालत होती तेव्हाही हे व्हायचं आणि ती ताडपत्रीखाली उभी राहिली तेव्हाही हे चुकलं नाही. अशा वेळी घरातले सगळे गाडीच्या तोंडासमोर उभे असत. माझी नजर मात्र मागच्या डाव्या दाराकडे जायची. त्या दाराच्या आतल्या बाजूला, रेग्झिनवर, खालच्या कडेने पाच स्क्रू होते. पितळी वाटीच्या वॉशरमध्ये बसवलेले, चकचकीत. इतर तिन्ही दारांना असा एकही स्क्रू नव्हता.

त्या पाच स्क्रूंची ही हकिगत. चाळीस वर्षांत ती मी कुणाला सांगितली नाही.

*

गाडी 1978 सालची. बाबूजींनी ती 1982 मध्ये नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्या काळी नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून जुनीसुद्धा मिळाली तरी माणूस पेढे वाटायचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या आणल्या, हे बाबूजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगत. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागूनच गिअरचा दांडा आणि मागे संत्र्याच्या व्यापाऱ्याला शोभेल अशी ऐसपैस सीट.

बाबूजींचा संत्र्याचा व्यापार. मृगाचा बहार, आंबिया बहार, पेट्या, गवत, दिल्लीचे भाव, यांतच आमचं लहानपण गेलं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांच्या रेषा नव्याने ओढल्या गेल्या. नागपूर आणि विदर्भ पलीकडे गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्याकडे घरात मराठी आणि दुकानात हिंदी. शाळेत हिंदी, देवघरात मराठी. गाडीची भाषा मात्र तिसरीच. किलच, सेल्फ, स्टेपनी, डिक्की. ती दोन्हीकडच्या मिस्त्र्यांना सारखीच कळायची. त्या भाषेत कुणी परका नव्हता.

ही भाषा मला शिकवली ती आमच्या ड्रायव्हरकाकांनी. ते सौंसरचे. वय असेल तिशीचं. घरी मराठी बोलणारे, पण गाडीशी बोलताना हिंदीत बोलायचे. ‘चल बेटी,’ असं म्हटल्याशिवाय त्यांनी कधी किल्ली फिरवली नाही. मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. माझ्या ‘हे काय आहे?’ला न कंटाळणारा घरातला तो एकच मोठा माणूस होता.

*

1985 चा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी गोटमार. आमच्या गावाची ती जुनी यात्रा वाचकांना ठाऊक असेलच. जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड. आमच्या घरी लहान पोरांना त्या दिवशी उंबरठा ओलांडायची बंदी. ड्रायव्हरकाका पोळ्यासाठी सौंसरला घरी गेलेले. मी बारा वर्षांचा. लांबून आरडाओरड ऐकू येतेय आणि आपण अंगणात कोंडलेले, अशी ती दुपार.

मी गाडीत जाऊन बसलो. बाबूजींच्या जागेवर, म्हणजे मागे डावीकडे. हँडल फिरवून काच खाली करायची, वर करायची. करता करता मनात आलं, ही काच जाते कुठे? एवढी मोठी काच एवढ्याशा दारात मावते कशी?

दाराच्या आतल्या अंगाला रेग्झिन चढवलेला पुठ्ठा असतो. त्याला मिस्त्री लोक पॅड म्हणतात. बाहेरून पाहिलं तर त्याला कुठे खिळा नाही, स्क्रू नाही. तो कशावर तगून आहे ते कळतच नाही. मी बाबूजींच्या खणातला पेचकस आणला, पॅडच्या खालच्या कडेला घातला आणि जोर लावून उचकटलं. कट्ट असा आवाज झाला. मग पुन्हा. मग पुन्हा. खालची कड सुटून पॅड हातभर वर आलं. मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता, तोही मी फाडला. आत अंधार, गंजाचा वास आणि ग्रीस माखलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. काच पोटात घेऊन दार गप्प बसलेलं. एवढंच. मी पाहिलं, माझं समाधान झालं, आणि मग मला भीती वाटली.

पाच क्लिपा मोडल्या होत्या. काहींच्या तारा वाकल्या, काही पुठ्ठ्याचा तुकडा घेऊनच बाहेर आल्या. मी सगळं तसंच दाबून, बुक्क्या मारून बसवलं आणि पेचकस जागेवर नेऊन ठेवला.

आठ-दहा दिवसांनी, शनिवारी, आम्ही सगळे जामसावळीच्या हनुमानाला निघालो. बाबूजी पुढे बसलेले, मागे डावीकडे आत्या. सौंसरच्या अलीकडे एक खड्डा आला, गाडी आदळली आणि पॅड खालून सुटून आत्याच्या पायावर आलं. मोडक्या क्लिपेची तार तिच्या लुगड्यात अडकली. लुगडं टरकन फाटलं.

बाबूजींनी गाडी थांबवायला सांगितली. दार पाहिलं. त्याच्या आधल्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांनी ‘काचेचं हँडल जड चालते, ग्रीस लावतो’ असं म्हटलं होतं आणि बाबूजींनी ‘तू हात लावू नको, नागपूरला मिस्त्रीला दाखवू’ असं बजावलं होतं. तेवढं पुरेसं होतं. रस्त्यात, सगळ्यांसमोर, बाबूजी त्यांना बोलले. शिवी नाही, पण त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. “नाही सांगितलं होतं ना? माझ्या सांगण्याला काही किंमत आहे की नाही?”

ड्रायव्हरकाकांनी दाराकडे पाहिलं. पेचकसाचे ओरखडे पाहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी आईच्या पदराआड. मग मान खाली घालून म्हणाले, “चुकलं मालक.”

मी काही बोललो नाही. मारुतीसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही.

दिवाळी झाल्यावर ड्रायव्हरकाकांनी काम सोडलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, बाबूजींनी विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी बाबूजींनी बाजारातून पाच स्क्रू आणि पाच पितळी वॉशर आणले. मला हाक मारली. माझ्या तळहातावर स्क्रू ठेवले आणि म्हणाले, “धर.” त्यांनी पॅडची कड उचलून आत बराच वेळ पाहिलं. मग एकेक स्क्रू माझ्या हातातून घेतला आणि ज्या भोकांत क्लिपा बसत होत्या त्याच भोकांत जोर लावून पिळला. पाचही स्क्रू होईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. शेवटचा लावून झाल्यावर त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. “जागेवर ठेव,” एवढंच म्हणाले.

*

2006 पासून गाडी कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. विकायचा विषय निघाला की आई गप्प व्हायची आणि मग विषयही गप्प व्हायचा.

2023 च्या ऑक्टोबरात दोन गोष्टी घडल्या. पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर आता एका नव्या जिल्ह्यात आले. आणि महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत त्या दिवशी संपली. माझ्या मुलाने पुण्याहून फोन केला. “बाबा, लोक तिच्यासोबत फोटो काढताहेत आणि आपली झाडाखाली सडतेय.”

त्यानेच मला 2021 चा नवा नियम सांगितला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आपली 2028 मध्ये पन्नाशीची होईल. तो नियम चॅसी, सांगाडा आणि इंजिन यांच्याबद्दल आहे. दारातल्या स्क्रूंची चौकशी करायला कुणी येणार नाही, हे मलाही कळत होतं. पण ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

इंजिन आणि डेंटिंग-पेंटिंग नागपूरला करून घेतलं. गाडी रंगून घरी आली तेव्हा आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतलं काम मी स्वतः करायचं ठरवलं. चारही दारांची पॅडं कुजली होती. मुलाने मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घालून क्लिपांची पुडी पाठवली. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणला. जुनी पॅडं त्यावर ठेवून पेन्सिलीने आखली, भोकं पाडली, नवं रेग्झिन चढवून घेतलं.

ज्यांनी ही क्लिप पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्प्रिंगच्या तारेची ती एक लहानशी वस्तू. तिचं डोकं पुठ्ठ्याच्या खाचेत सरकवतात. दोन पाय असतात, मधे फुगीर. दाराच्या पत्र्याला भोक असतं, त्यात ते पाय मिटून आत जातात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा उघडतात. झालं, पॅड बसलं. बाहेरून काही दिसत नाही. काढायचं असेल तर आधी काचेच्या हँडलमागची चकती दाबून पिन काढायची, हँडल उतरवायचं, मग क्लिपेच्या अगदी जवळ चपटी पट्टी घालून एकेक क्लिप सरळ बाहेर ओढायची. लहानपणी मी यातलं काहीच केलं नव्हतं.

तीन दारं दोन दिवसांत कशीबशी झाली. चौथं, म्हणजे मागचं डावं, बसेना. वरच्या दोन क्लिपा बसवाव्यात तर खालच्या उसळून बाहेर येत. खालच्या बसवाव्यात तर मधली वाकून पत्र्यावर आडवी होई. साबण लावला. पाय पकडीने दाबून बारीक केले. शेवटी वैतागून कापडाचा बोळा ठेवून हातोडी मारली. क्लिप आत गेली नाही, हार्डबोर्ड मात्र कोपऱ्यात तडकला.

शेजारच्या गल्लीतला मिस्त्री आला. त्याने हसून सांगितलं, “भाऊ, काहून परेशान होते? स्क्रू ठोक दो. दिखता किसको है?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मी त्या दिवशी जेवलो नाही.

*

ड्रायव्हरकाकांचा मुलगा सौंसरला टायरचं दुकान चालवतो, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. छिंदवाड्याला जाता-येता त्या दुकानावरून मी शेकडो वेळा गेलो असेन आणि दर वेळी नेमकं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं असेल. त्या दिवशी तडकलेलं पॅड आणि मूठभर क्लिपा घेऊन मी तिथे उतरलो. काम आहे असं दाखवायला हातात काहीतरी असलं की बरं असतं.

काका दुकानाच्या बाहेर खाटेवर बसले होते. सत्तरीचे. डोळ्यांना जाड चष्मा. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पॅड ओळखायला लागला नाही. हातात घेऊन त्यांनी ते उलटं केलं आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“आपल्या फियाटचं हाय. मागचं, डाव्या अंगाचं.”

मी म्हटलं, “काका, क्लिपा बसत नाहीत.”

“क्लिपाईचं काही चुकलं नाई,” ते म्हणाले. “हे कशावरून आखलं तुमी?”

“जुन्या पॅडावरून.”

“जुनं पाणी पिऊन फुगलं असंन. फुगलेल्यावरून आखलं तं नवंबी फुगलेलंच येणार ना बाबू.”

‘बाबू’ या शब्दाने मी पन्नाशीतला माणूस पुन्हा बारा वर्षांचा झालो. जे सांगायला आलो होतो ते घशातच राहिलं. मी फक्त म्हटलं, “तुम्ही याल का घरी?”

ते दुसऱ्याच दिवशी आले. न्यायला येतो म्हटलं तर नको म्हणाले, बसने आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. “चल बेटी,” असं ते हळूच म्हणाले, ते मला ऐकू आलं.

मग काम. काका पाटावर बसले आणि मला एकेक सांगत गेले. आधी दाराचं दार पाहायचं, पॅड नंतर. नव्या रंगाचा थर भोकांच्या कडांवर चढून भोकं बारीक झाली होती. गोल कानशीने तो खरवडायला लावला आणि खरवडलेल्या जागी पुन्हा बोटाने रंगाचा ठिपका द्यायला लावला, नाहीतर तिथूनच गंज सुरू होतो. दाराच्या बुडाशी पाणी निघून जायला चिरा असतात. त्या मातीने बुजल्या होत्या, त्या तारेने मोकळ्या केल्या. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, त्याला अडवायचं नसतं. त्याला खालून वाट द्यायची आणि पुठ्ठ्याला त्याच्यापासून दूर ठेवायचं. त्यासाठी तो मधला प्लास्टिकचा कागद. तो कागद या दाराला नव्हताच. 1985 पासून नव्हता. एकवीस पावसाळे पुठ्ठा पाणी प्यायला होता आणि ओला होऊन पत्र्याला चिकटून राहिला होता. जिथे जिथे स्क्रूने पत्र्यावरचा रंग सोलला होता तिथे गंज धरला होता. चौथं दार का बसत नाही याचं उत्तर माझ्यासमोर होतं आणि ते मीच लिहिलेलं होतं.

मग काकांनी नवा हार्डबोर्ड कापायला लावला. भोकं कुठे पाडायची? काका म्हणाले, “घरात ओलं कुंकू हाय का?” बायकोने करंडा आणून दिला. काकांनी दाराच्या भोकांत क्लिपा बसवल्या, डोकी आपल्याकडे करून. प्रत्येक डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि कोरा बोर्ड चारी कडा जुळवून अलगद दाबला. काढून पाहिला तर बोर्डावर डझनभर लाल टिकल्या. जुन्या आखणीशी ताडून पाहिलं. प्रत्येक टिकली सुतभर सरकलेली, आणि सगळ्या एकाच बाजूला नाही. वरच्या इकडे, खालच्या तिकडे. मी दोन दिवस हातोडीने त्या सुतभराशी भांडत होतो.

टिकल्यांवर खाचा पाडल्या. बोर्ड कुशनवाल्याकडे रेग्झिन चढवायला पाठवला. सोल्यूशन पुरतं सुकल्याशिवाय बसवायचं नाही, असं काकांनी बजावलं. म्हणजे ते दोन दिवस राहणार होते. आईने आत जाऊन पाहुण्याची गादी काढली.

*

रात्री अंगणात बसलो होतो. आई झोपली होती. मी म्हटलं, “काका, ते पॅड मी उचकटलं होतं.”

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

“मले ठाऊक होतं.”

“मग तुम्ही ‘चुकलं’ काहून म्हटलं?”

“तुमाले मार बसला असता. अन् मले तसंबी जायचं होतं. ट्रकवर काम भेटत होतं, पैसा जास्त.”

ट्रकचं खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “मालकालेबी समजलं होतं.”

“काय?”

“स्क्रू त्याईनंच लावले ना? मंग समजलंच असंन. ज्याले गाडी समजते तो आधी हँडलची पिन काढते. पिनेले तं हातबी लागला नव्हता. खालून ओरबाडलेलं, म्हंजे पोरानं केलेलं. आंधळ्यालेबी दिसते ते.” सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, “दुसऱ्या वर्षी आले होते घरी सौंसरले. संत्र्याची पेटी घेऊन. पाणी पेले, पोराईची विचारपूस केली, गेले. दुसरं काई बोलले नाई.”

मला तो रविवार आठवला. तळहातावरचे पाच स्क्रू. कड उचलून आत बराच वेळ पाहणारे बाबूजी. ‘धर.’ ‘जागेवर ठेव.’ इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना काही कळलं नाही, म्हणून मी सुटलो. त्यांनी मला पाचही स्क्रू हातात धरायला लावले होते, आणि वाट पाहिली होती. एकेका स्क्रूला एकेक संधी. मी एकही घेतली नाही. मग पुढची सव्वीस वर्षं, 2011 पर्यंत, आम्ही बापलेक त्या दारावर एकदाही बोललो नाही. तेही बोलले नाहीत, हे आता मला त्यांच्या वतीनेही टोचतं. माझ्यापुढे त्यांनी ड्रायव्हरकाकांचं नाव घेऊन ‘माझं चुकलं’ म्हटलं असतं, तर कदाचित माझ्याही तोंडून निघालं असतं. ते संत्र्याची पेटी घेऊन एकटेच गेले. पेटीत माफी घालता येते, पण ती फोडून सगळ्यांना वाटता येत नाही.

मी काकांना म्हटलं, “माझं चुकलं, काका.”

“हो,” ते म्हणाले. “झोपा आता.”

*

तिसऱ्या दिवशी पॅड बसवलं. आधी नवा प्लास्टिकचा कागद, सुरकुती न पडू देता. मग पॅड दारावर टेकवून सगळ्या क्लिपांची टोकं आपापल्या भोकांत नुसती लागली आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहिलं. एकही क्लिप दाबायची नाही, जोवर सगळ्या लागत नाहीत. मग मधून सुरुवात. तळहाताची टाच नेमकी क्लिपेवर ठेवायची आणि एकच सरळ धक्का. खट. मग तिच्या शेजारची. खट. मग पलीकडची. आवाज बद्द आला तर थांबायचं, ओढून पाहायचं, पाय वाकला असेल तर क्लिप बदलायची. त्याच क्लिपेला पुन्हा मारायचं नाही.

बाबूजींच्या स्क्रूंची पाच भोकं मोठी झाली होती. चारांच्या कडा डेंटरने ठोकून सरळ केल्या होत्या. काकांनी त्यांत रबराच्या लहान वाट्या बसवल्या आणि क्लिपा त्यांत घट्ट बसल्या. पाचवं भोक खालच्या कोपऱ्यातलं. तिथे कड उरलीच नव्हती. गंजाने खाऊन पत्रा पापडासारखा झाला होता. क्लिप आत जाई आणि तशीच बाहेर येई. धरायला तिथे काही नव्हतं.

मी म्हटलं, “वेल्डिंग करून तुकडा लावू.”

“बाहेरचा नवा रंग जळंन,” काका म्हणाले. “थोडं वर, चांगल्या पत्र्यात, एक स्क्रू लावा. राहू द्या.”

बाबूजींचे जुने स्क्रू मी फेकले नव्हते. पाचही एका डबीत होते. त्यातला एक काढून मी काकांच्या पुढे धरला. त्यांनी घेतला नाही. “तुमी लावा.” त्यांनी वॉशर तळहातावर धरला आणि मी स्क्रू लावला. फार पिळला नाही. पॅड पत्र्याला टेकलं तिथे थांबलो.

संध्याकाळी मी त्यांना फियाटमधूनच सौंसरला सोडायला गेलो. स्टिअरिंगवर बसा म्हटलं तर म्हणाले, “आता अंधारात दिसत नाई.” माझ्या शेजारी बसले. पूर्वी जिथे पॅड सुटलं होतं तो खड्डा आता नाही, रस्ता चांगला झाला आहे. तरी त्या टप्प्यावर दोघांचेही कान मागच्या डाव्या दाराकडे होते. काही वाजलं नाही.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. हात धुवायच्या आधी गाडीकडे गेला. चारही दारं उघडून पाहिली, पॅडांवरून हात फिरवला, खूश झाला. मग मागच्या डाव्या दाराशी थांबला आणि वाकून पाहू लागला.

“बाबा, सगळं ओरिजिनल केलं आणि हा एक स्क्रू इथे कसा राहिला?”

“राहिला नाही, ठेवला,” मी म्हटलं. “ये, बस आत. बाबूजींच्या जागेवर बस. सांगतो.”